फेब्रुवारी ते जून कात्री थांबवा: शिंजिराच्या घरट्यांसाठी उद्यान विभागांना आणि सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
उद्यान अधीक्षक व वृक्ष अधिकारी, राज्यातील महापालिका आणि नगरपालिका,
तसेच गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि समिती सदस्य यांस,

स.न.वि.वि.

फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत बागेतल्या झुडपांना, वेलींना आणि कुंपणांना सरसकट कात्री लावू नये, ही या पत्रातली मुख्य मागणी आहे. पुढे जे लिहिले आहे ते या मागणीचे कारण, आणि ती पाळताना माळ्याला, ठेकेदाराला व तुम्हाला ज्या अडचणी येतील त्यांवरचे तोडगे.

हे मागणे जांभळ्या शिंजिरासाठी आहे. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर लांब आणि १० ग्रॅमपेक्षाही हलका पक्षी. ओमान, संयुक्त अरब अमिराती आणि इराणच्या उष्ण किनारपट्टीपासून पाकिस्तान, भारत, श्रीलंका आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत तो राहतो. आपल्याकडे दख्खनच्या पठारावरचे काटेरी माळ, विरळ पानझडी जंगल, शेतांचे बांध आणि शहरांतल्या बागा ही त्याची ठिकाणे. सोलापूर, बीड, धुळे, अकोला अशा कोरड्या आणि तापणाऱ्या जिल्ह्यांतही तो मजेत राहतो. तो दुर्मीळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. नेहमीचाच पक्षी आहे. पण सोसायटीच्या आवारात त्याने बांधलेली घरटी पिल्ले उडण्याआधीच उतरवली जातात, आणि बहुतेक वेळा ती उतरवणाऱ्याला कळतही नाही.

विणीच्या दिवसांत नर सावलीत काळाकुट्ट दिसतो. ऊन पडले की निळा-जांभळा चकाकतो. छातीवर बारीक तांबूस-तपकिरी पट्टा, आणि खांद्याच्या बगलेत पिवळ्या-नारिंगी पिसांचा झुबका असतो. हा झुबका तो मादीसमोर किंवा दुसऱ्या नराशी भांडताना फुलवतो, एरवी दिसत नाही. मादी वरून मातकट हिरवी, खालून फिकट पिवळी. वीण संपली की नराचाही झगमगाट जातो. तो मादीसारखाच दिसू लागतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळी पट्टी उरते. हिवाळ्याच्या तोंडाशी ‘शिंजीर गेले’ असे वाटते ते यामुळे. ते तिथेच असतात. सोसायट्यांमध्ये आणखी एक शिंजीर सर्रास दिसतो, पिवळ्याजर्द पोटाचा आणि कमरेवर जांभळी झाक असलेला. तो वर्षातून कधीही घरटे बांधतो, तेव्हा पुढची सगळी काळजी त्यालाही लागू आहे.

(मोबाइलवर ‘आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक या दोघांपैकीच एकाचे असतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. फरक कामाचा आहे: हमिंगबर्ड हवेत तरंगत मध पितो, शिंजीर क्वचित आणि क्षणभरच तरंगतो, एरवी त्याला बसायला देठ किंवा फांदी लागते. म्हणून बसायची दांडी नसलेले, परदेशातून मागवलेले लाल प्लास्टिकचे फीडर त्याच्या फारसे उपयोगाचे नाहीत.)

आता घरट्याबद्दल, कारण खरा घोळ तिथे आहे.

घरटे जवळपास एकटी मादीच बांधते. लोंबती, वीतभर लांबीची थैली. वाळके गवत, सालीचे धागे, पानांचे तुकडे, सुरवंटांची विष्ठा असा ऐवज कोळ्याच्या जाळ्याने बांधलेला. बाजूला, मध्याच्या जरा वर, अंगठा जाईल एवढे दार आणि त्यावर पुढे आलेली छोटी पडवी. आत रुईचा आणि सावरीचा मऊ कापूस. बाहेरून पाहिले तर जाळ्यात अडकलेला कचरा लोंबतो आहे असेच वाटते, आणि कावळ्याला तसे वाटावे म्हणूनच ते तसे असते. दुर्दैवाने झाडूवाल्यालाही तसेच वाटते.

हे घरटे उंचावर नसते. साधारण कमरेपासून दीड पुरुष उंचीपर्यंत, काटेरी झुडपाच्या किंवा वेलीच्या बाहेरच्या फांदीवर. माणसांच्या वस्तीत ते व्हरांड्यातल्या दिव्याच्या वायरीवर, कपड्यांच्या दोरीवर, कुंडीतल्या लोंबत्या वेलीवर, खिडकीच्या जाळीवरही असते. माणसांची ये-जा असते तिथे कावळा आणि भारद्वाज कमी धजावतात, म्हणून मादी दाराजवळची जागा निवडत असावी. वृक्षतोडीचे नियम आणि परवानग्या मोठ्या झाडांभोवती फिरतात, तर शिंजिराचे घरटे जिथे असते ते कुंपण, वेल आणि वायर कोणाच्याच यादीत नसते.

अंडी बहुधा 2. फक्त मादी उबवते, सुमारे दोन आठवडे. पिल्ले उडायला आणखी तेवढाच काळ लागतो आणि त्यांना नर-मादी दोघे भरवतात. बांधकामाचे दिवस धरून एका विणीला पाच ते सहा आठवडे लागतात, आणि पहिली वीण फसली तर त्याच हंगामात दुसरा प्रयत्न होतो. आपल्या पठारावर या सगळ्याचा भर फेब्रुवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत असतो. नेमक्या याच काळात आपल्याकडे मार्चअखेरची कामे उरकली जातात, उन्हाळी रंगकाम निघते आणि एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते.

कात्रीने नेमके काय बिघडते

घरटे असलेली फांदीच कापली गेली तर प्रश्न तिथेच मिटतो. पण माळी चांगला असेल, घरटे पाहून तेवढी फांदी सोडून भोवतालचे सारखे करून घेईल, तरीही बहुतेक वेळा वीण फुकट जाते. दोन कारणांनी. एक, वरची पाने गेली की दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन थेट थैलीवर येते, आणि आत पिसे न फुटलेली पिल्ले असतात. दोन, आडोसा गेला की कावळा, टकाचोर, भारद्वाज, सरडा, मांजर यांपैकी कोणीतरी ते एक-दोन दिवसांत हेरते. म्हणून ‘घरट्याची फांदी सोडा’ एवढे पुरत नाही. घरट्याच्या चहूबाजूंनी आणि वरून किमान 2 मीटर काहीच कापू नये.

पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरक्षिततेसाठी असते, ती टाळा असे आम्ही म्हणत नाही. धोकादायक फांदी मे महिन्यातच धोकादायक होते असे मात्र नाही. वाळलेली, पोकळ, बुरशी लागलेली किंवा तारांवर झुकलेली फांदी नोव्हेंबरातही तशीच दिसते. पाहणी ऑक्टोबरमध्ये करा, काम नोव्हेंबर ते जानेवारीत संपवा, आणि एप्रिल-मे फक्त नव्याने मोडलेल्या किंवा तडकलेल्या फांद्यांसाठी राखून ठेवा. पावसाळ्यात घरटी करणाऱ्या शिंपी, वटवट्या वगैरे पक्ष्यांनाही हेच महिने सोयीचे पडतात.

याला अपवाद आहे आणि तो विसरला की उलटे नुकसान होते. पळस, पांगारा आणि काटेसावर यांची फुले हिवाळा सरताना निष्पर्ण फांद्यांवर येतात. ही झाडे डिसेंबरात ‘बोडकी दिसतात, आता छाटायला सोपी’ म्हणून छाटली तर त्या वर्षीची सगळी कळी गेली. या तिघांची फक्त मेलेली फांदी काढावी, बाकी हात लावू नये. धायटीचेही तसेच. ती फुलते जानेवारी ते एप्रिल, आणि तिच्या गचपणात घरटीही असतात. तिला आकार द्यायचाच असेल तर पाऊस नीट सुरू झाल्यावर, आत घरटे नाही याची खात्री करून.

कुंपणाची गोष्ट वेगळी. ड्युरांटा, मेंदी किंवा अकॅलिफाचे कुंपण दर महिन्याला सपाट कापले जाते. अशा कुंपणात शिंजीर फारसा बांधत नाही, कारण लोंबती फांदीच उरत नाही, आणि फूलही येत नाही. आवारातले सगळे कुंपण मोकळे सोडा असे कोणी सांगणार नाही. फेब्रुवारी ते जून सोडून दर्शनी भाग कापा हवा तसा. मागच्या भिंतीलगतची, पंप हाऊसमागची, वाहनतळाच्या कडेची पट्टी वाढू द्या. १० मीटर लांब, दीड-दोन मीटर रुंद एवढी एक पट्टीही पुरेशी आहे, फक्त ती सलग हवी.

छाटणीआधीची तपासणी

फांद्या हलवून घरटे शोधू नका. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान झुडपापासून सहा-सात मीटर लांब उभे राहून पंधरा मिनिटे पाहा. मादी चोचीत पांढरा कापूस किंवा जाळ्याचा धागा घेऊन एकाच ठिकाणी जाते आहे का? दोघांपैकी कोणी किडा धरून शेजारच्या तारेवर थांबून इकडेतिकडे पाहते आहे का? नर एकाच फांदीवरून तीक्ष्ण आवाजात चिवचिवतो आहे का? यांपैकी काही दिसले तर तिथे घरटे आहे असे धरा. मादी अंड्यांवर असताना बराच वेळ काहीच हालचाल दिसत नाही, तेव्हा दाट वेल असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावे.

घरटे सापडले की उत्साही मंडळी तिथे लाल फीत बांधतात किंवा पाटी लावतात. हे करू नका. कावळ्याला फीत आणि माणसाला पाटी, दोन्ही बोलावणेच आहे. माळ्याच्या वहीत जागा आणि तारीख लिहा, सहा आठवड्यांनंतरची तारीख त्यापुढे टाका, एवढे पुरे. फोटो काढणाऱ्यांनाही आवारात हेच सांगावे लागेल. चांगला फोटो यावा म्हणून दारासमोरची दोन पाने खुडणे म्हणजे छाटणीच झाली.

कोळ्यांची जाळी का ठेवायची

आमच्या अनुभवात समित्यांना सर्वांत जड जाणारी मागणी ही आहे. इमारतीच्या आतली, जिन्यातली, लिफ्टजवळची जाळी खुशाल काढा. पण कुंपणावरची, झाडांच्या खोडांवरची, वेलींमधली आणि कंपाउंड भिंतीच्या बाहेरची जाळी लांब काठीच्या झाडूने ओढण्याचा प्रकार फेब्रुवारीपासून थांबवावा. जाळे नसेल तर घरटे बांधले जात नाही, कारण सगळी थैली त्यानेच सांधलेली आणि फांदीला टांगलेली असते. दुसरे म्हणजे मध हा मोठ्या पक्ष्याचा आहार आहे. त्यात साखर आणि पाणी भरपूर, पण वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिने नगण्य. पिल्ले वाढतात ती बारीक कोळी, अळ्या, मावा आणि चिलटांवर. ज्या बागेत फुले शंभर प्रकारची आणि कीटक शून्य, तिथे शिंजीर पाहुणा म्हणून येईल, पिल्ले वाढवायला राहणार नाही.

यावरून फवारणीचा विषय निघतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला की इमिडाक्लोप्रिड मारले जाते. हे औषध आंतरप्रवाही आहे, म्हणजे ते पानांवर किंवा मुळाशी टाकले तरी झाडाच्या रसात मिसळते आणि तिथून मधात व परागकणांतही उतरते. फुलावर असलेल्या झाडाला ते कधीच देऊ नये, आणि कुंडीच्या मातीत दाणेदार औषध टाकणे तर त्याहून वाईट, कारण तिथे त्याचा अंमल लांबतो. पिठ्या ढेकूण थोडा असेल तर सकाळी पाण्याच्या धारेने धुऊन काढा, शेंडा जास्तच भरला असेल तर तेवढा कापून पिशवीत बंद करा. तेवढ्याने भागले नाही तर १ लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण, संध्याकाळी, उमललेली फुले टाळून, आठ दिवसांच्या अंतराने दोनदा. भर उन्हात निंबोळी तेल मारले की पाने करपतात आणि मग ‘सेंद्रिय औषधाने झाड मेले’ अशी तक्रार येते.

डासांसाठीच्या धूरफवारणीबाबत आमचे मत स्पष्ट आहे. साथीच्या वेळी आरोग्य विभागाने ठरवले तर ती होणारच, त्यात आम्ही आडवे येत नाही. पण सोसायटीने दर आठवड्याला खासगी माणूस बोलावून झुडपांत धूर सोडण्याने उडणारे डास तेवढ्यापुरते मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, आणि झुडपातले बारीक कीटक मात्र साफ होतात. टाक्यांची झाकणे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर आणि तुंबलेली पन्हळे आठवड्यातून एकदा रिकामी करणे हेच डासांवरचे खरे काम आहे.

टँकरच्या किंवा प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या जाड पाइपने वेलींवर जोरात पाणी मारण्याची पद्धतही बदलावी लागेल. भिजून जड झालेले घरटे तुटून पडते. पाणी मुळाशी द्या. पाने धुवायचीच असतील तर बारीक शिंतोडे उडवा. शिंजीर पसरट भांड्यात क्वचितच उतरतो, ओल्या पानांवर अंग घासून अंघोळ करणे त्याला आवडते, त्यामुळे हे शिंतोडे त्याला हवेच असतात. गच्चीवरची मातीची भांडी बुलबुल, चिमण्या आणि साळुंक्यांसाठी भरत राहा, ती वेगळी सोय आहे.

काय लावावे

वृक्षारोपणाच्या याद्या पाहिल्या की वाईट वाटते. कोनोकार्पस, नुसत्या रंगीत पानांची झुडपे, हंगामी पेट्युनिया, हिरवळ. कोनोकार्पसवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली, आपल्याकडे रस्ता दुभाजकांवर तो अजूनही लागतो आहे. बोगनवेल दिसायला भरगच्च असते, पण तिचे रंगीत भाग ही फुले नव्हेत. आतले खरे फूल इवलेसे असते आणि शिंजिराच्या दृष्टीने तिथे फार काही नसते. दुहेरी पाकळ्यांची जास्वंदही टाळा: पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत चोच नीट पोहोचत नाही. साधी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद बरी. स्पॅथोडियावर शिंजीर जातो, तरीही तो लावू नका, कारण त्याचे फूल नांगी नसलेल्या लहान मधमाश्यांना घातक ठरते.

यादी करताना एकच प्रश्न विचारा: बाराही महिने आवारात काही ना काही फुललेले राहील का? हिवाळ्यात अडुळसा आणि कोरफड. जानेवारीपासून धायटी आणि काटेसावर, मागोमाग पांगारा आणि पळस. शेवग्याची फुले आणि केळफूलही शिंजिराला चालते. अगदी कोरड्या, मुरमाड जागी नेपती लावा: पान नसल्यात जमा, पण उन्हाळ्यात लालभडक फुले. पावसाळ्यात मुरुडशेंग. पाऊस ओसरला की हदगा. मधली भोके बुजवायला साधी जास्वंद, हॅमेलिया आणि रसेलिया. शेवटची दोन बाहेरची झाडे आहेत, तरी कुंडीत आणि दुभाजकावर ती टिकतात व बराच काळ फुलतात, म्हणून आमचा त्यांना विरोध नाही.

आणि एक मागणी जी कोणत्याही माळ्याला आवडणार नाही: आंब्यावरचे सगळे बांडगूळ काढू नका. झाड झाकोळून टाकणारे, फांदी मोडणारे बांडगूळ काढायलाच हवे. पण मोठ्या, धडधाकट झाडावरची एक-दोन गुच्छे राहू द्या. त्यांची नळीसारखी फुले शिंजिराच्या मुख्य खाद्यात मोडतात, आणि फुलाचे परागीभवनही तोच करतो.

पळसाचे तेच. पळसावर मैना, कोतवाल, बुलबुल, खारी सगळे येतात, पण त्यातल्या अनेकांचे येणे मध पिऊन फूल मोडण्यापुरतेच. शिंजीर देठावर बसून चोच आत घालतो, परागकण त्याच्या डोक्याला-गळ्याला लागतात आणि पुढच्या फुलावर जातात. सगळ्याच फुलांशी तो इतका सरळ वागत नाही. फुलाची नळी फार लांब असली की बुडाशी भोक पाडून मध काढून नेतो, आणि मग त्या फुलाला काहीच मिळत नाही. जास्वंदीच्या बुडाशी बारीक चिरा दिसल्या तर कीड समजून औषध मारू नका, बहुतेक हाच असतो.

लागवडीच्या काही गोष्टी. पळसाची शेंग मे-जूनमध्ये पिकते. बी ताजे असतानाच, शक्यतो थेट जागेवर लावा, कारण सोटमूळ लवकर खोल जाते आणि छोट्या पिशवीत गुंडाळले गेलेले रोप पुढे कधीच जोर धरत नाही. रोपच हवे असेल तर लांब, अरुंद पिशवीतले घ्या. पांगारा मनगटाएवढ्या जाड, मीटर-दीड मीटरच्या फांदीपासून सहज लागतो. कापलेले टोक दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि पावसाच्या सुरुवातीला लावा. पाणी जास्त झाले की ती बुडापासून कुजते, हीच नेहमीची चूक. पांगाऱ्याच्या पानांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर गाठी आल्या तर ती गांधीलमाशीच्या जातीची एक बारीक कीड आहे. गाठी आलेले शेंडे कापून जाळून टाका, कंपोस्टमध्ये टाकू नका. या झाडांना खड्डा ६० सेंटीमीटरचा, दोन झाडांत ६ ते ८ मीटर अंतर. धायटी, अडुळसा, मुरुडशेंगेला खड्डा ४५ सेंटीमीटरचा, अंतर दीड मीटर, आणि मध्ये दोन-तीन करवंदे, म्हणजे जाळी काटेरी होते व मांजर आत शिरत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला १० ते १५ लिटर पाणी आणि बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचा थर. तिसऱ्या वर्षी पाणी बंद केले तरी ही झाडे जगतात.

रिकाम्या प्लॉटवरची रुई स्वच्छतेच्या नावाखाली सरसकट उपटू नये. घरट्यातला कापूस तिथून येतो.

फीडर आणि काचा

साखरपाण्याच्या बाटल्या टांगण्याला आमचा पाठिंबा नाही. आपल्या उन्हाळ्यात साखरपाणी काही तासांत आंबते, आणि आंबलेल्या बाटलीवर शिंजिरापेक्षा मुंग्या व गांधीलमाश्या जास्त येतात. तरीही कोणी टांगणार असेल तर एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. गूळ, मध, रंग, गोड पदार्थांचा पाक यांपैकी काहीही नको. सावलीत टांगा, उन्हाळ्यात रोज पाणी बदला, बाटली गरम पाण्याने व ब्रशने धुवा, बसायला दांडी हवी. हे रोज जमणार नसेल तर बाटली उतरवा आणि त्या जागी एक जास्वंद लावा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये नर गाड्यांच्या आरशांवर आणि खिडक्यांच्या काचांवर चोची मारतात. प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटते. तो दिवसेंदिवस झुंजत राहतो आणि खाण्याचा वेळ वाया घालवतो. वॉचमनला त्याला हुसकायला सांगू नका. गाडी उभी केल्यावर आरशांवर कापडी पिशवी चढवा. मोठ्या काचांना बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा उभ्या रेषा काढा, एकमेकांपासून 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर नको. ससाण्याचे एकच स्टिकर काचेच्या मधोमध लावून काही होत नाही.

घरटे पडलेच तर

पिल्ले जिवंत असतील तर घरी नेऊ नका, पाणी, दूध, पोळी, साखरपाणी काहीही चोचीत घालू नका. घरटे शाबूत असेल तर त्याच फांदीला किंवा मूळ जागेपासून मीटरभराच्या आत, सावलीत, दार पूर्वीच्याच दिशेला ठेवून सुतळीने बांधा. घरटे फाटले असेल तर करवंटीच्या तळाला दोन बारीक भोके पाडून आत वाळके गवत घाला, पिल्ले त्यात ठेवा आणि करवंटी तिथेच टांगा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिल्लांना टाकत नाहीत. १० मीटर लांब जाऊन दोन तास पाहा. या वेळात कोणीही खाऊ घेऊन आले नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

कायदा आणि निविदा

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ तुम्हाला पाठ असेल. घरट्याला लागू होतो तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. शिंजीर त्याखाली संरक्षित आहे, आणि रानपक्ष्यांची अंडी फोडणे किंवा अंडी व घरटी विस्कटणे हे त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत बसते. झाड छाटायची परवानगी हातात असली म्हणजे त्यावरचे घरटे पाडायची मुभा मिळाली असे होत नाही, आणि कुंपणाला परवानगी लागत नाही म्हणून तिथले घरटे मोकळे असेही नाही. आम्हाला माळ्यांवर गुन्हे दाखल करायचे नाहीत. काम सांगणाऱ्याने वेळ चुकीची सांगितली तर त्यात माळ्याचा दोष नसतो.

ठेकेदाराला पाल्याच्या ट्रॉलीमागे पैसे मिळत असतील तर तो जास्त कापणार, यात नवल नाही. पुढच्या देखभालीच्या निविदेत ही अट घालावी, मसुदा तयार आहे: ‘१ फेब्रुवारी ते ३० जून या कालावधीत झुडपे, वेली व कुंपण यांची नियमित छाटणी करू नये. जीवितास किंवा विद्युतवाहिनीस धोका असल्यास उद्यान निरीक्षकाच्या लेखी सूचनेनंतर, घरट्यांची तपासणी करून, फक्त धोकादायक भाग काढावा. वापरातील घरट्यापासून 2 मीटरच्या आत कोणतेही काम करू नये. या कालावधीचे देयक कापलेल्या पाल्याच्या मोजमापावर न ठरवता पाणी देणे, आच्छादन व तण काढणे या कामांवर ठरवावे.’ शेवटचे वाक्य गाळू नका. ते गाळले तर बाकीची अट कागदावर राहते.

सोसायट्यांना निविदा नसते, माळी असतो. त्यांनी हीच अट समितीच्या इतिवृत्तात ठरावाच्या रूपात घ्यावी आणि माळ्याला मराठीत छापून द्यावी.

उद्यान विभागांकडून आम्हाला दोन गोष्टी लेखी हव्यात: धोकादायक फांद्यांची पाहणी यंदा ऑक्टोबरमध्ये सुरू होणार का, आणि वरची अट पुढच्या निविदेत येणार का. मसुद्याच्या भाषेत बदल हवा असेल तर सुचवावा, घरटी ओळखण्यासाठी माळ्यांना अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक द्यायला आम्ही येऊ.

आपले,
पक्षीनिरीक्षण आणि बागकाम करणारे काही नागरिक